टॉवरवरून उतरलेला अॅम्प्लिफायर आणि घरचं टीव्ही स्टेशन

थ्रीजीची नेटवर्क एकेका देशात बंद होत गेली आणि मोबाईल टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या कपाटांतून अॅल्युमिनियमची जडशीळ खोकी, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारे अॅम्प्लिफायर, बाहेर पडू लागली. एका अंगाला कंगव्यासारखे पंख, दुसऱ्या अंगाला दोन-तीन जाडजूड कनेक्टर, आणि पुसट झालेल्या लेबलवर ‘२११० ते २१७० मेगाहर्ट्झ’. भंगारात याचा भाव वजनावर ठरतो. हॅमच्या, म्हणजे परवाना काढून हौसेखातर रेडिओ स्टेशन चालवणाऱ्याच्या, हाती तेच खोकं लागलं की तो ते पोटाशी धरून घरी आणतो. थोडी खटपट केली तर ते २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासही चालतं आणि तिथून स्वतःच्या कॅमेऱ्याचं चित्र पार उपग्रहापर्यंत पाठवता येतं.

हे ऐकल्यावर ओळखीचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘यात बदल म्हणजे करायचं तरी काय असतं?’ हा पहिला. दुसरा जास्त अवघड: ‘लेबलवर १०० वॅट लिहिलंय, मग तू वीस-बावीसच का वापरतोस?’ पहिल्याचं उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. दुसऱ्याचं जरा सावकाश सांगावं लागतं, आणि या सगळ्या उद्योगाचा गाभाही तोच आहे.

आधी हे हौशी टीव्ही म्हणजे काय

हे टीव्ही चॅनल नव्हे. मालिका दाखवायच्या नाहीत, जाहिराती करायच्या नाहीत. एक हॅम आपल्या टेबलावरचा कॅमेरा लावतो, दुसरा हॅम ते चित्र पकडतो आणि उलट आपलं पाठवतो. गप्पाच, फक्त चेहरा दिसतो आणि टेबलावरचं अर्धवट उघडलेलं यंत्रही दाखवता येतं.

चित्राला जागा फार लागते. बोलण्याला रेडिओवर सुमारे ३ किलोहर्ट्झ पुरतात, पण जुन्या एफएम पद्धतीच्या टीव्हीला पंधरा-वीस मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्या पाचेक हजार पट. एवढा रुंद रस्ता खालच्या फ्रिक्वेन्सीवर मिळत नाही, म्हणून ही मंडळी मायक्रोवेव्हकडे, एक गिगाहर्ट्झच्या वरच्या मोकळ्या रानात, सरकली. आता डिजिटल पद्धतीत चित्र दाबून दाबून अर्ध्या मेगाहर्ट्झमध्येही बसवतात, तरी वस्ती तिथेच राहिली.

त्यात १५ नोव्हेंबर २०१८ रोजी एस्हेल-२ हा उपग्रह सुटला. त्याच्यावर हौशी लोकांसाठी बसवलेल्या यंत्रणेला क्यूओ-१०० म्हणतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो एका जागी टांगल्यासारखा असतो. त्याच्याकडे २४०१.५ ते २४०९.५ मेगाहर्ट्झमध्ये चित्र पाठवायचं, तो ते १०,४९१ ते १०,४९९ मेगाहर्ट्झमध्ये परत खाली टाकतो आणि तेव्हा पृथ्वीचा मोठा तुकडा ते पाहू शकतो. टॉवरच्या खोक्यांना अचानक मागणी आली ती या २४०० मुळे.

अॅम्प्लिफायर सिग्नल ‘मोठा’ करत नाही

शब्दशः पाहिलं तर करत नाही. नळाची तोटी बोटाने फिरवता तेव्हा बोटाचा जोर पाण्यात जात नाही. पाणी टाकीतलं असतं, बोट फक्त किती सोडायचं ते ठरवतं. ट्रान्झिस्टर ही तोटी, २८ व्होल्टचा पॉवर सप्लाय ही टाकी, आणि कॅमेऱ्याकडून आलेला दुबळा सिग्नल हे बोट. बोट जसं हललं अगदी तशीच पाण्याची धार हलली पाहिजे. ‘अगदी तशीच’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं येऊन ठेपणार आहे.

एक माप इथेच सांगून टाकतो, कारण त्याच्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. डेसिबल म्हणजे पटीचं माप. ३ डेसिबल वाढ म्हणजे सुमारे दुप्पट, १० म्हणजे दसपट, २० म्हणजे शंभरपट. टेबलावरच्या छोट्या ट्रान्समीटरमधून १० मिलिवॅट निघतात. त्याचे २० वॅट करायचे तर २००० पट, म्हणजे ३३ डेसिबल. एका ट्रान्झिस्टरला हे झेपत नाही, म्हणून दोन-तीन पायऱ्या एकापुढे एक असतात.

बदल म्हणजे काय, तर दोन मिलिमीटर

खोक्याचं झाकण उघडलं की पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशाच होते. घरच्या रेडिओत दिसतात तशी गुंडाळी नाही, फिरवायचं बटण नाही. पांढरट बोर्डवर तांब्याच्या रुंद-अरुंद पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध सोनेरी पायांचे दोन चपटे ट्रान्झिस्टर. नवख्याला वाटतं, पट्ट्या म्हणजे नुसत्या जोडणीच्या तारा. खरं तर सगळी करामत त्या पट्ट्यांच्या आकारातच असते.

ट्रान्झिस्टरचं तोंड फार अरुंद समजा, फक्त काही ओहम. बाहेरची केबल ५० ओहमची. हंड्यातलं पाणी थेट बाटलीच्या तोंडावर ओतलं तर निम्मं बाहेर सांडतं, म्हणून मध्ये नरसाळं धरतात. पट्टीचा बदलत जाणारा आकार हे ते नरसाळं. याला मॅचिंग म्हणतात. मायक्रोवेव्हमध्ये गंमत अशी की नरसाळ्याचं माप तरंगलांबीवर ठरतं. २१४० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत १४ सेंटीमीटर, २४०० ची १२.५. बोर्डवरच्या पट्टीत लहर आणखी आखडते. नेहमीच्या बोर्डवर तिचा पाव हिस्सा २१४० ला साधारण २१ मिलिमीटर भरतो, २४०० ला १९. बोर्डचं साहित्य बदललं की आकडे थोडे हलतात, पण तफावत दोन-सव्वादोन मिलिमीटरचीच राहते. तेवढ्यासाठी हे खोकं नव्या जागी रुसून बसतं.

मग करायचं काय? पातळ तांब्याच्या पत्र्याचे भाताच्या शितापासून करंगळीच्या नखापर्यंतचे तुकडे कापायचे. अॅम्प्लिफायरला अगदी थोडा सिग्नल द्यायचा, आउटपुटला डमी लोड लावायचा (म्हणजे सगळी ताकद पोटात घेऊन उष्णता करणारा रोध, अँटेनाचा बदली खेळाडू) आणि लाकडी दातकोरणीच्या टोकाने एक तुकडा पट्टीच्या कडेला टेकवून हळूहळू सरकवत न्यायचा. नजर पॉवर मीटरच्या काट्यावर. ट्रान्झिस्टरजवळ काटा चढतो, आणखी अर्धा मिलिमीटर सरकलं की पडतो. जिथे सर्वात वर गेला तिथे पेन्सिलीने खूण, वीज बंद, सोल्डर. मग पुढचा तुकडा. वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकताना साधारण ट्रान्झिस्टरच्या जवळ तांबं वाढवावं लागतं आणि लांबचं धारदार पात्याने खरवडून कमी करावं लागतं. दातकोरणी लाकडीच हवी. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्वतःच पट्टीचा भाग होऊन बसतं, आणि चुकून शेजारच्या २८ व्होल्टला लागलं की विषय संपतो.

दोन-तीन संध्याकाळी अशा जातात. सगळं जमल्यावर समाधानाने झाकण लावायचं, आणि काटा एक डेसिबल खाली! झाकणाचा पत्राही लहरींच्या हिशेबात असतो. त्याच्या आतून लहरी शोषणारा काळा स्पंज चिकटवला की बहुतेक वेळा भागतं. मी आता शेवटचे तुकडे झाकणाला भोक पाडून, त्यातून काडी घालून बसवतो. दिसायला गबाळं आहे, पण चालतं.

कुठलंही खोकं कुठेही नेता येतं का?

नाही. नरसाळ्याचा अर्धा भाग ट्रान्झिस्टरच्या पोटात असतो. केसासारख्या तारा आणि इवले कपॅसिटर कारखान्यातच फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यासाठी बसवलेले असतात, तिथे दातकोरणी पोचत नाही. २१४० वरून २४०० म्हणजे आठव्या हिश्शाइतकी उडी. ती जमते, फक्त सिग्नल वाढवण्याची ताकद थोडी गमवावी लागते. ९०० मेगाहर्ट्झचं खोकं २४०० ला आणायचा नाद मात्र सोडून द्यावा.

आउटपुटपाशी गोल चकतीसारखा एक भाग असतो, सर्क्युलेटर. चौकातल्या वर्तुळाकार वाहतुकीसारखं त्याचं काम: आतून आलेली ताकद अँटेनाकडे वळवायची, आणि अँटेनाकडून परत आलेली ट्रान्झिस्टरकडे न जाऊ देता बाजूच्या रोधात जिरवायची. तोही जुन्या फ्रिक्वेन्सीला बेतलेला. नव्या जागी तो बरीच ताकद खात असेल तर काढून त्याच्या जागी केबलचा तुकडा टाकतात. मग रखवालदार गेला हे लक्षात ठेवायचं. अँटेना न जोडता एकदा चालू केलं तरी ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

इथे एक सूचना, हसण्यावारी न नेण्याची. अशा भागांतल्या काही रोधांत आणि जुन्या ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या चिनीमातीसारख्या तळात बेरिलियम ऑक्साइड असतं. अख्खं असताना ते निरुपद्रवी, पण त्याची धूळ छातीत गेली की फुफ्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. त्याला कानस लावायची नाही, फोडून बघायचं नाही.

लेबलवरचे वॅट आपले का नसतात

आता दुसरा प्रश्न. कल्पना करा, ठेंगण्या छताच्या खोलीतून एक माणूस सरळ चालत जातो. त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा असली तरी पुरे. एफएम टीव्ही असा असतो. त्याच्या सिग्नलची उंची बदलतच नाही, माहिती फक्त फ्रिक्वेन्सीच्या मागेपुढे होण्यात असते. त्याला अॅम्प्लिफायर अगदी शेवटपर्यंत पिळून वापरला तरी चित्र बिघडत नाही. जुन्या हॅमना लेबलवरचे पूर्ण वॅट मिळत होते ते म्हणून.

डिजिटल टीव्ही त्याच खोलीत दोरीवरच्या उड्या मारतो. सरासरी उंची तीच, पण मध्येच एक उडी बरीच वर जाते आणि डोकं छतावर आपटतं. उपग्रहावरून टीव्ही पाठवायच्या डीव्हीबी-एस२ या पद्धतीत उड्या बेताच्या, सरासरीच्या दुप्पट-तिप्पट ताकदीपर्यंत. घरच्या अँटेनावर येणाऱ्या डीव्हीबी-टी पद्धतीत हजारो छोटे सिग्नल एकत्र उड्या मारतात आणि सगळ्यांची उडी एकदम लागली की ताकद दसपटीवर जाते. अॅम्प्लिफायरचं छत म्हणजे लेबलवरचा आकडा. बोट आणखी फिरलं तरी धार वाढत नाही. ‘अगदी तशीच’ मोडली ती इथे.

आपटलेलं डोकं दिसतं कुठे? स्पेक्ट्रम अॅनालायझरवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद आहे त्याचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर. स्वच्छ डिजिटल सिग्नल तिथे टेबलासारखा दिसतो: सपाट माथा, दोन्हीकडे सरळ कडा. जोर वाढवत नेला की कडांच्या बाहेर दोन्ही बाजूंना फुगवटे येतात. त्यांना खांदे म्हणतात. ते शेजाऱ्याच्या जागेत असतात, त्यामुळे तुमचं चित्र दिसत असतानाही त्याचं बिघडतं. त्यांच्याबरोबर तुमच्या स्वतःच्या माथ्याच्या आतही तोच चिखल झालेला असतो, तो फक्त दिसत नाही. पाहणाऱ्याला सिग्नल जोरदार येतो आणि चित्र मात्र चौकोन-चौकोन होऊन गोठतं.

यावर उपाय एकच, छतापासून लांब राहणं. सुदैवाने हिशेब आपल्या बाजूचा आहे. आत जाणारा सिग्नल १ डेसिबल कमी केला की खांदे मुख्य सिग्नलच्या तुलनेत साधारण २ डेसिबलने खाली जातात. ३ कमी केला, ६ मिळाले. म्हणून १०० वॅटच्या खोक्यातून डीव्हीबी-एस२ साठी वीस-पंचवीस वॅट घ्यायचे, डीव्हीबी-टी असेल तर दहाच्या आसपास. आळस म्हणून नव्हे, उड्यांसाठी जागा म्हणून.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, ‘मोबाईलचा सिग्नलही डिजिटलच होता की, तिथे कसं चालत होतं?’ बरोबर आहे. पण टॉवरवर अॅम्प्लिफायर एकटा नसतो. त्याच्या आधी एक संगणक बसलेला असतो. अॅम्प्लिफायर सिग्नल किती वाकडा करतो ते मोजून तो आधीच उलट्या बाजूला तेवढाच वाकडा करून पाठवतो. दोन वाकडेपणा मिळून सरळ. आपण भंगारातून खोकं आणलं, तो संगणक कपाटात राहिला. शिवाय नंतरच्या काळातली पुष्कळशी खोकी डोहर्टी पद्धतीची असतात. बेल लॅबोरेटरीतल्या विल्यम डोहर्टीने १९३६ मध्ये काढलेली ही युक्ती: एक ट्रान्झिस्टर नेहमीचं काम करतो, दुसरा उंच उडी आली तरच जागा होतो. वीज फार वाचते, पण दुसरा जागा होतो त्या क्षणी सिग्नलला हिसका बसतो आणि तो सावरायला संगणक लागतो. भंगारात निवड करायची वेळ आली तर मी जुनं, जास्त वीज खाणारं, दोन्ही ट्रान्झिस्टर सारखे जागे ठेवणारं खोकं उचलतो.

उष्णतेचा हिशेब

टीव्ही अखंड चालतो. बोलताना माणूस मध्ये थांबतो आणि यंत्राला श्वास मिळतो, चित्राला तशी सोय नाही. छतापासून लांब राहिलेला अॅम्प्लिफायर वीजही उधळतो. २८ व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतले म्हणजे १२६ वॅट आत आले, २५ बाहेर गेले, शंभरेक वॅटची उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या दोन जागांतून बाहेर काढायची. म्हणून पंख, म्हणून पंखा. टॉवरवर कपाटाचा मोठा पंखा होता हे विसरून नुसतं खोकं टेबलावर ठेवलं तर दहा मिनिटांत हात लावता येत नाही. एक साधा तापमानाचा स्विच पंखांवर स्क्रूने बसवून टाकावा, ठरावीक तापमानाला तो वीज तोडतो.

चालू करण्याचा क्रम

टॉवरच्या खोक्यांत एलडीएमॉस जातीचे ट्रान्झिस्टर असतात. ही तोटी मुळात बंद असते. गेट नावाच्या पायावर दोन-तीन व्होल्ट दिल्यावर ती किलकिली होते. सिग्नल नसताना ती किती उघडी ठेवायची त्या मापाला बायस म्हणतात. फार कमी ठेवली तर सिग्नलचा बारीक भाग गळतो, फार जास्त ठेवली तर नुसती उष्णता. छोटा स्क्रू फिरवत, अँपिअरचा मीटर बघत हे ठरवायचं. हात हलका हवा, अर्धा वळसाही जास्त होतो.

याच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवरचे गॅलियम आर्सेनाइडचे ट्रान्झिस्टर उलट्या स्वभावाचे. ती तोटी मुळात सताड उघडी असते, ऋण व्होल्टेज देऊन बंद धरून ठेवावी लागते. आधी ऋण, मग मुख्य वीज. हा क्रम मला पाठ होता. तरी एका रात्री ऋण व्होल्टेजची तार निसटलेली असताना मी मुख्य स्विच दाबला. आवाज झाला नाही, धूर नाही. अँपिअरचा काटा भसकन वर गेला आणि शून्यावर येऊन बसला. तेव्हापासून ऋण व्होल्टेज नसेल तर मुख्य वीज जाणारच नाही असा रिले (विजेने चालणारा स्विच) आधी, अॅम्प्लिफायर नंतर.

लोकांच्या शंका

‘मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही २४५० मेगाहर्ट्झच असतं, तोच का नाही वापरत?’ ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारी नळी, हा अॅम्प्लिफायर नाही. तो स्वतःच गात सुटतो, दिलेला सूर जसाच्या तसा मोठा करत नाही. वर त्याला चारेक हजार व्होल्ट लागतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते शिल्लक राहतात. ओव्हन उघडून बसलेली हौशी माणसं मेलेली आहेत. त्याला हात लावू नये, बस्स.

‘आमचं वायफाय बंद पडेल?’ २४०१.५ ते २४०९.५ हा तुकडा वायफायच्या पहिल्या चॅनलवर येतो, तेव्हा स्वतःच्या घरात त्रास होतो. राउटर वरच्या चॅनलवर किंवा ५ गिगाहर्ट्झवर नेला की मिटतं. शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे चित्र पाठवणारी डिश आकाशाकडे असते, आणि आउटपुटला फिल्टर लावून दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा कचरा अडवायचा असतो. तो फिल्टर ऐच्छिक समजू नये.

‘तब्येतीला धोका?’ अंदाज करू या. १.२ मीटर डिशचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. त्यातून २० वॅट निघाले की डिशच्या तोंडासमोर सरासरी सुमारे १८ वॅट दर चौरस मीटर, मधोमध त्याहून जास्त. सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने घातलेली मर्यादा या फ्रिक्वेन्सीला १० आहे. म्हणजे डिशच्या मागे, बाजूला फारसं काही नाही, पण समोर कोणी उभं राहता कामा नये. डिशच्या केंद्रातल्या छोट्या अँटेनाजवळ तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो, तिथे डोळा नेऊन बघणं हा शुद्ध वेडेपणा. डिश डोक्याच्या वर बसवली की बराच प्रश्न सुटतो.

‘परवाना?’ हवाच. कुठला पट्टा, किती वॅट, उपग्रहाला परवानगी आहे की नाही, हे देशागणिक वेगळं आहे. तांब्याचे तुकडे कापायच्या आधी ते वाचावं.

‘मग जास्त वॅट हवे असतील तर?’ आधी केबल बघा. २४०० मेगाहर्ट्झला करंगळीएवढ्या जाड दिसणाऱ्या साध्या केबलमध्येही दहा मीटरांत निम्म्याहून जास्त ताकद गरम होऊन जाते. टेबलावर ४० वॅट करून वर १५ पोचवण्यापेक्षा खोकंच डिशच्या पाठीशी, पावसापासून झाकून, बांधावं. उपग्रहावर चित्र पाठवताना आणखी एक शिस्त आहे. तिथे कायम चालू असलेला खुणेचा सिग्नल, बीकन, असतो. आपला सिग्नल त्याच्यापेक्षा जोरात दिसता कामा नये, नाहीतर सगळ्यांच्या वाट्याची ताकद आपण खातो.

माझं खोकं आता डिशच्या मागे आहे. बसवण्याआधी टेबलावर डमी लोड लावून एक-एक डेसिबल वाढवत गेलो. १८ वॅटला कडा सरळ होत्या. २२ ला खांद्यांची नुसती चाहूल. २८ ला ते उघड दिसले आणि समोर ठेवलेल्या रिसीव्हरवरचा चित्राच्या शुद्धतेचा आकडा घसरू लागला. परत २२ वर आलो. कारखान्याच्या लेबलवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर तेवढंच लिहिलं, ‘२२’, म्हणजे पुढच्या वेळी शिडीवर चढल्यावर हात वळवळायला नकोत.